राणी हिराई आणि कन्येचा हक्क

बिरसी गावात एका शेताच्या फेरफारावरून बोलणे चालले असता, सातबाऱ्यावर विधवेचे नाव चढते ते पोरगा सज्ञान होईपर्यंतची सोय म्हणून, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सहज म्हटले आणि दाखल्यासाठी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राणी हिराईचे नाव घेतले. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

हिराईचा वृत्तान्त या मुलखात नव्याने सांगावयास नको. अठराव्या शतकाच्या प्रारंभी राजा वीरशहाचा खून झाला, राणीने चंदनखेड्याच्या रामशहाला दत्तक घेतले आणि तो वयात येईपर्यंत दौलतीचा कारभार स्वतः पाहिला. एवढ्यावरून आमचे गृहस्थ तिला मालकीण न म्हणता राखणदार म्हणतात. मी मात्र हक्क आणि वहिवाट या दोन गोष्टी नेहमी निराळ्या धरतो: कागदावर नाव कोणाचे हा एक प्रश्न, आणि हुकूम कोणाचा चालतो हा दुसरा. उदाहरणार्थ, फ्रान्समधील एलिनोरला ११३७ साली पित्याचा अ‍ॅक्विटेन प्रांत स्वतःच्या हक्काने मिळाला. परंतु त्याच वर्षी ती राजपुत्र लुईला दिली गेली, तो विवाह ११५२ मध्ये मोडल्यावर पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीची पत्नी झाली, आणि पुढे मुलांच्या बंडाला साथ दिली म्हणून त्याच हेन्रीने तिला पंधरा वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले. हक्क निर्विवाद असूनही तिची वहिवाट पराधीनच राहिली.

हिराईचे नेमके उलट. चंद्रपूरला अचलेश्वराजवळ तिने पतीची समाधी बांधली; तिथल्या समाध्यांत तीच सर्वांत भव्य आहे, आणि तिच्या कोरीव दगडांपाशी थोडा वेळ उभे राहिले तरी असे काम काढणाऱ्या बाईच्या हाती खजिना आणि कारागीर दोन्ही होते, याविषयी शंका उरत नाही. महाकालीचे मंदिरही तिचेच. आणि दत्तकाची निवड? जी गादीचा वारस ठरवते तिला राखणदार म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

परंतु येथवर आल्यावर विचार मला भलतीकडेच नेतो. वीरशहाला कन्या होती; सासरी, देवगडला, तिचा अपमान झाला म्हणूनच त्याने देवगडवर चाल केली, असे चांद्याची परंपरा सांगते. कन्येच्या मानासाठी युद्ध झाले. गादीसाठी मात्र वारस दुसऱ्या घरातून आणावा लागला. एवढी सत्ता हाती असलेल्या राणीलाही ती रीत मोडता आली नाही, किंवा मोडावीशी वाटली नाही. म्हणजे वहिवाट कितीही भक्कम असली तरी ती धारण करणारीबरोबरच संपते. पुढच्या पिढीतील मुलीला उपयोगी पडतो तो हक्कच, आणि ज्याला मी कागदावरचे नाव म्हणून दुय्यम मानीत आलो तेच अखेर मोलाचे ठरते.

आज हिंदू कन्येला तो हक्क आहे. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे अनुसूचित जमातींना, म्हणजे हिराईच्या गोंड समाजालाही, लागू नाही. छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा मिळाला तो सर्वोच्च न्यायालयात, १७ जुलै २०२५ रोजी. प्रत्येक गोंड लेकीने दिल्लीपर्यंत दावा लढवावा काय? केंद्र सरकारला अधिसूचना काढून तो कायदा लागू करण्याची मुभा त्याच कलमात आहे. ती अधिसूचना निघाली पाहिजे.