औषध म्हणतात त्या विषाची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. ते ‘औषध’. पऱ्हाटीवर औषध मारतात, कृषी सेवा केंद्रातून औषध आणतात, आणि एखाद्या घरासमोर भल्या सकाळी माणसे जमलेली दिसली की कोणीतरी हलक्या आवाजात सांगते, ‘त्यानं औषध घेतलं.’ पीक वाचवणे आणि माणूस जाणे, दोन्हींसाठी एकच शब्द. लहानपणी मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. आता तो शब्द ऐकला की चरका बसतो.

मामांच्या शेतातली फवारणी मी जवळून पाहिली आहे. बांधावर निळा ड्रम, विहिरीवरून पाण्याच्या घागरी आणणाऱ्या बायका, बाटलीचे झाकण हेच माप, आणि ढवळायला हाताशी येईल ती काडी. मामा दोन-तीन बाटल्यांतले थोडे थोडे एकत्र करत, कारण दुकानदाराने तसे सांगितलेले असे. मग गड्याच्या पाठीवर पंप चढे आणि तो छातीएवढ्या पऱ्हाटीत शिरे. नोझल तुंबले की तो ते काढून तोंडाने फुंकी. दुपारपर्यंत त्याचा सदरा पाठीकडून ओला झालेला असे. तो घाम होता की गळत्या पंपातले औषध, हे कोणी विचारले नाही. बाटलीवर लाल त्रिकोण होता, त्याच्या वर कवटी होती. गड्याने तो त्रिकोण कधी पाहिला नाही. बाटली मामांच्या हातात राहिली, त्याच्या वाट्याला आला तो भरलेला पंप.

विषावर नियंत्रण ठेवायचे म्हणजे नेमके कशावर ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत हळूहळू सरकत आले आहे. ते माझ्या मामांच्या बांधापर्यंत अजून पुरते पोचलेले नाही.

सुरुवात संशयापासून झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सोमल, म्हणजे आर्सेनिक, किराणा दुकानात उंदरांसाठी सहज मिळे आणि नवरा, बायको, सासरा यांच्या अन्नातही जाई. १८५१ मध्ये तिथे आर्सेनिकच्या विक्रीवर कायदा आला. विक्रेत्याने वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि कारण लिहायचे, अनोळखी माणसाला साक्षीदाराशिवाय द्यायचे नाही, आणि किरकोळ विक्रीच्या मालात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे ते पीठ-साखरेसारखे दिसणार नाही. या कायद्याच्या डोळ्यांसमोर होता खुनी. वाईट हेतूचा माणूस पकडला की विष सुरक्षित, असा त्यामागचा विचार. आपल्याकडचा १९१९ चा विषविषयक कायदा त्याच कुळातला. २०१३ मध्ये ॲसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या विक्रीसाठी नोंदवही आणि ओळखपत्राची सक्ती केली, तेव्हा तोच जुना विचार पुन्हा कामी आला. हल्ल्यांच्या बाबतीत तो योग्यही आहे. पण खुनी नसतानाही माणसे मरतात, तिथे ही वही काही करू शकत नाही.

ते आपल्याला १९५८ मध्ये कळले. जहाजातून येणाऱ्या धान्या-पिठाच्या पोत्यांशेजारी फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन, ठेवलेले होते. ते झिरपले. त्या पिठाचे पदार्थ खाऊन केरळमध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांना मारायचा हेतू कोणाचाच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. पुढे दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. इथे विचार एक पाऊल पुढे गेला. नोंदणीशिवाय कोणतेही कीटकनाशक बनवता वा आणता येणार नाही, विक्रीला परवाना लागेल, साठवण आणि वाहतूक अन्नापासून वेगळी हवी. आणि प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण: लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषाच्या उतरत्या भाजणीने.

मला या त्रिकोणाबद्दल आदर आहे. निरक्षरालाही कळेल अशी खूण असावी, असे कोणीतरी मनापासून योजले होते. पण त्या खुणेने नकळत एक मोठी गोष्ट केली. जबाबदारी कारखान्यातून आणि दुकानातून उचलून वापरणाऱ्याच्या अंगावर ठेवली. आम्ही सांगितले होते, तुम्ही वाचले नाही. घडी घातलेल्या त्या पातळ माहितीपत्रकात हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे सगळे लिहिलेले असते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर विदर्भात जो उकाडा होतो, त्यात रबरी हातमोजे आणि मास्क घालून पंधरा लिटरचा पंप पाठीवर वाहून बघावा, म्हणजे त्या सूचनेची किंमत कळते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या आचारसंहितेने हे ओळखले होते. ज्या कीटकनाशकासाठी अंगावर त्रासदायक आणि महागडी संरक्षक साधने चढवावी लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या हाती देणे टाळावे, असे तिने सांगितले. चाळीस वर्षे झाली या शहाणपणाला.

घरात ठेवलेल्या बाटलीची कथा वेगळी नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या चार वर्षे आधी, २००९ मध्येच, या रसायनाच्या धोक्याबद्दल भारताला सावध केले होते. आपल्याकडे त्याला भाजीपाल्यावर मनाई होती, कापसावर नव्हती. बाटली मात्र ज्या घरात कापूस त्याच घरात असते, आणि चुलीपासून फार लांब नसते.

उलटा विचार करून पाहिला तो श्रीलंकेने. तिथे ग्रामीण भागात आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांत होते. १९९५ मध्ये त्यांनी मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद केले, १९९८ मध्ये एन्डोसल्फान. पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. भांडणे मिटली नव्हती, कर्जे फिटली नव्हती, माणसे तीच होती. विष पिणारेही होते. फरक एवढाच की रागाच्या, निराशेच्या त्या एका तासात हाताला जे लागे, ते आता पूर्वीइतके जीवघेणे नव्हते, आणि दवाखान्यात पोचलेला माणूस परत येऊ लागला. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. भाताचे उत्पादन या बंद्यांमुळे घटल्याचे दिसले नाही. २०२१ मध्ये तिथे एका फटक्यात रासायनिक खते बंद केल्याने जो गोंधळ झाला, त्याचा याच्याशी संबंध जोडू नये. एकात एकेक जहाल रसायन निवडून, पर्याय बघून काढले होते. दुसऱ्यात सरसकट सगळेच.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची उडी आहे. खरेदीदार, विक्रेता, फवारणारा, पिणारा या सगळ्या माणसांवर नजर ठेवून झाल्यावर शेवटी कोणीतरी बाटलीकडे पाहिले.

आपण तिच्याकडे कसे पाहिले, ते २०१७ च्या खरिपात दिसले. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फवारणीने बाधित झालेल्यांची रांग लागली. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, श्वास कोंडलेला. एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांनी काही प्यायले नव्हते. ते कामावर गेले होते. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळी आणि रसशोषक किडी दोन्ही होत्या, आणि पंपात मिश्रणे. कोणत्या रुग्णाच्या अंगात नेमके काय गेले, हे डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता, आणि प्रत्येक रसायनाला उतारा असतोच असेही नाही. नोव्हेंबरात राज्य सरकारने पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशके बंद केली. साठ दिवसांसाठी. कारण १९६८ च्या कायद्याचे कलम २७ राज्याला तेवढेच देते: साठ दिवस, फार तर आणखी तीस. बंदी आली तेव्हा फवारणीचा हंगाम सरत आला होता.

तेव्हापासून काहीच हलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुपम वर्मा समितीने ६६ कीटकनाशके तपासली. तिच्या अहवालावरून २०१८ मध्ये केंद्राने १८ रसायने बंद करण्याचा आदेश काढला. २०२० मध्ये आणखी २७ रसायनांवरच्या बंदीचा मसुदा आला, आणि वाटाघाटींत त्यातली बरीच सुटली. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये, गंडामननंतर दहा वर्षांनी. जुन्या कायद्याची जागा घेणारे विधेयक २००८ मध्ये आले, २०२० मध्ये पुन्हा आले, त्यांपैकी एकाचाही कायदा झाला नाही. २०२१ मध्ये यवतमाळच्या दोन विधवांनी आणि २०१७ च्या विषबाधेतून वाचलेल्या एका शेतकऱ्याने थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे कीटकनाशकाच्या उत्पादक कंपनीविरुद्ध दावा लावला. विष बनवणाऱ्याला जाब विचारायला या माणसांना इतक्या दूर जावे लागले.

शेतकऱ्याचे काय, हा प्रश्न मामाच मला विचारतात. ‘बंद करा म्हंतं, मंग अळीले काय हात जोडू?’ प्रश्न रास्त आहे. कमी विषारी औषधे महाग आहेत, कामगंध सापळे वेळेवर मिळत नाहीत, कृषी सहायक वर्षातून एकदा दिसतो आणि सल्ला देतो तो दुकानदार, ज्याचे पोट विक्रीवर आहे. म्हणून बंदीच्या आदेशासोबत पर्यायाचा खर्चही सरकारने उचलला पाहिजे. तो खर्च शेतकऱ्यावर टाकला तर जुनी बाटली चोरून येईल. पण या अडचणीमुळे लाल त्रिकोणाची रसायने पाठीवरच्या पंपात राहू द्यावीत, हे मला मान्य नाही. साधी झोपेची गोळी घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि ही बाटली कुणालाही, कितीही मिळते.

लाल त्रिकोण टप्प्याटप्प्याने बाजारातून जायला हवा, आणि राज्याचा हात साठ दिवसांत बांधणारे कलम बदलायला हवे. हे होईल तेव्हा होईल. विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे सक्तीचे करण्याचा अधिकार मात्र त्याच कायद्याचे कलम २६ राज्याला आजही देते. तो प्रत्येक जिल्ह्यात खरोखर वापरायला नवा कायदा लागत नाही. आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना एवढेच सांगायचे आहे: फवारताना कोणाला भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारले, तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. तिथे ‘औषध मारताना त्रास झाला’ एवढ्यावर थांबू नका. कोणते, ते सांगा. पंपात जेवढ्या बाटल्या ओतल्या होत्या, तेवढ्या सगळ्या सोबत न्या.