चारही सिलिंडर सारखे आहेत का?

जुन्या गाडीला टर्बो बसवायचा म्हटलं की पहिली चौकशी होते ती किलोमीटरची. मला ती दुय्यम वाटते. वेळच्या वेळी ऑइल बदलून हायवेवर दोन लाख किलोमीटर धावलेलं इंजिन टर्बो सोसू शकतं. साठ हजारच चाललेलं, पण एकदा सणकून तापलेलं इंजिन कदाचित सोसणार नाही. खरं विचारायचं ते हे, की त्याचे चारही सिलिंडर एकमेकांसारखे आहेत का?

1989 साली अमेरिकेत आलेली माझदा मियाटा घेऊ. हौशी लोक टर्बो बसवतात त्या गाड्यांत तिचं नाव फार वरचं. तिच्या 1.6 लिटर इंजिनाच्याच कुळातलं टर्बो इंजिन कंपनीने आपल्या 323 या गाडीत दिलं होतं. मात्र त्याचा कॉम्प्रेशन रेशो 7.9 होता, मियाटाचा 9.4. म्हणजे बाहेरून दाब येण्याआधीच मियाटा हवा जास्त दाबते. शिवाय नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप उडणारा भडका, ओळखणारा सेन्सर तिला नाही.

आता टर्बो लावला. तो चारही सिलिंडरांना एकाच दाबाने हवा पुरवतो. पेट्रोल आणि ठिणगीचा हिशोबही चौघांना एकच. त्यातल्या एकाच्या रिंगा झिजलेल्या असतील, तर जळता वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो. आपले मेस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. एरवी यापायी गाडी थोडं ऑइल खाते, एवढंच. टर्बोखाली मात्र तो वायू वाढतो आणि ऑइलची वाफ घेऊन ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इनटेकमध्ये शिरतो. ऑइल मिसळलं की मिश्रणाचा ऑक्टेन उतरतो, नॉकिंग सुरू होतं आणि दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटते. इंजिन जातं ते अशा एका सिलिंडरपायी. बाकीचे तीन धडधाकट असून उपयोग होत नाही.

म्हणून कॉम्प्रेशन तपासताना आकड्यांपेक्षा आकड्यांमधला फरक बघावा. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज. पेट्रोल आणि इग्निशन बंद करून चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, एकेका प्लगच्या भोकात गेज लावायचा आणि काटा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. पहिल्याच फेरीला काटा कुठवर उडी घेतो हेही बघा. निरोगी सिलिंडर तिथेच बरीच मजल मारतो. झिजलेला हळूहळू चढत जातो आणि शेवटच्या आकड्याने फसवतो. या मियाटाला नवी असताना 192 पीएसआय असावेत, 135 च्या खाली जाऊ नये आणि दोन सिलिंडरांत 28 हून जास्त तफावत नसावी, असं कंपनीचं माप आहे. समजा एका गाडीत 172, 170, 174, 170 आले आणि दुसरीत 192, 190, 194, 150. पहिली सगळीकडून सारखी म्हातारी झाली आहे. मी तिलाच कमी दाबाचा टर्बो लावीन. आकडा मापापेक्षा वर गेला तरी हुरळू नये. पिस्टनवर कार्बन साचला की कॉम्प्रेशन वाढतं, आणि तोच कार्बन नॉकिंगला आमंत्रण देतो.

एखादा सिलिंडर कमी भरला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी भरले तर मधलं हेड गॅस्केट आधी धरावं. पण मला सगळ्यांत आवडते ती लीक-डाउन चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावून ऐकायचं. ऑइलच्या झाकणापाशी फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलपाशी आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गेजवर दहा टक्क्यांच्या आत गळती दिसली तर ठीक. वीसच्या पुढे गेली की टर्बोचा विचार थांबवावा.

व्हॉल्व्हची गळती हेड उतरवून, व्हॉल्व्ह घासून मिटते. रिंगांची असेल तर टर्बोसाठी ठेवलेले पैसे आधी बोअर-पिस्टनला लावावेत.