शुभेच्छेतली धाकधूक

पुस्तकांच्या दुकानात गल्ल्याजवळ एक फिरता स्टँड असतो. त्यात मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं छापलेली ग्रीटिंग कार्डं लावलेली असतात. कार्ड उलटून पाहिलं की पाठीवर मुंगीच्या अक्षरांत चित्रकाराचं नाव, साल, संग्रहालय, आणि कधी कधी एक सूचना असते: इथे मूळ चित्राचा फक्त एक भाग छापला आहे. ही सूचना सहसा कुणी वाचत नाही. मी मात्र हटकून वाचतो. चित्रातलं काय कापलं, हे बघण्याची खोडच लागली आहे म्हणा ना.

ते दोन गुबगुबीत देवदूत तुम्ही नक्की पाहिले असतील. पंखवाली दोन पोरं कठड्यावर रेलून वर बघताहेत; एकाने हनुवटी तळहातावर टेकवलीय, दुसऱ्याने हातांवर. बाळ झाल्याच्या कार्डावर ती असतात, व्हॅलेंटाइनच्या कार्डावर असतात, बिस्किटांच्या डब्यावरही असतात. 1995मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांना तिकिटांवरही बसवलं. ही पोरं मूळची राफाएलच्या ‘सिस्टाइन मॅडोना’ या चित्रातली. पोप दुसरा ज्युलियस याने पियाचेन्झा गावच्या चर्चसाठी ते 1512च्या सुमारास करवून घेतलं; आज ते जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. मूळ चित्रात हे दोघे अगदी तळाला, काठावर आहेत. वर हिरवा पडदा दुभंगलाय आणि मेरी बाळ येशूला कडेवर घेऊन ढगांवरून चालत येते आहे. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघा. डोळे विस्फारलेले, बाळही बिचकलेलं, आईला बिलगलेलं. चर्चमध्ये या चित्राच्या समोर क्रूस असावा आणि मायलेकरांना पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यात दिसत असावं, असा एक अर्थ अभ्यासक लावतात. तो खरा मानला, तर ती पोरं ज्याच्याखाली टंगळमंगळ करत बसलीत ते दृश्य काळजाचा ठोका चुकवणारं आहे.

कार्ड छापणाऱ्याने काय केलं? वरची आई कापली, खालची पोरं ठेवली. धंद्याच्या हिशेबाने बरोबरच आहे. अभिनंदनाच्या कार्डावर भेदरलेली आई कोण विकत घेईल?

आपल्या घरचं उदाहरण वारलीचं. दिवाळीच्या कार्डावर आणि लग्नपत्रिकेवर आता वारली आकृत्या सर्रास दिसतात, आणि त्यात पहिला मान तारपा नाचाचा. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळसे घेत जाणारी, हातात हात गुंफलेल्या माणसांची साखळी. दिसायला लोभस आहे, शिवाय कुठल्याही आनंदाला चालते. पण वारली घरातल्या लग्नात भिंतीवर काढायचं मुख्य चित्र वेगळं, ते म्हणजे चौक. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो काढतात आणि त्याच्या मधोमध पालघट देवी असते. लग्न लागतं ते तिच्या साक्षीने. दोन माणसं एकत्र येताहेत, त्यांचं पीक पिको, वंश वाढो, वाटेत काही आडवं न येवो, अशी सगळी चिंता त्या चौकटीत तिच्या पायाशी ठेवलेली असते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी 1970च्या दशकात ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली. बायकांच्या हातातली कला एका पुरुषाने लग्नाचं निमित्त नसतानाही रोज काढायला घेतली, हे तेव्हा नवलच होतं. 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आली म्हणूनच ही कला जगभर गेली आणि कार्डावरही आली. कार्डापर्यंत येताना मात्र देवी सहसा मागे राहिली, नाच तेवढा पुढे आला. मला विचाराल तर यात फारसं बिघडलं नाही. पालघट ज्या घरची, त्या घरची. चारशे पाहुण्यांना वाटायच्या पत्रिकेवर तिला आणायची गरज काय?

पण दोन्हीकडे कात्री नेमकी एकाच जागी चालली, हे गमतीचं आहे. आनंद ठेवला आणि त्याच्या पोटातली धाकधूक तेवढी काढून टाकली.

आता त्या स्टँडवरचं आणखी एक कार्ड. निळंशार आकाश आणि त्यावर वेड्यावाकड्या फांद्यांना लगडलेली पांढरी फुलं. कुणाकडे बाळ जन्मलं की हे हमखास निवडलं जातं. विन्सेंट व्हॅन गॉगचा ‘बदामाचा बहर’. आपल्याकडे शाळेच्या आवारात मोठ्या पानांची सावली धरणारा बदाम असतो, तो हा नव्हे. हा सुक्यामेव्यातल्या बदामाचा. दक्षिण फ्रान्समध्ये तो फेब्रुवारीतच फुलतो, आपल्या पळसासारखा पानांच्या आधी. थंडी अजून सरलेली नसते, एखाद्या रात्री कडाका पडला की फुलोरा करपून जाऊ शकतो, तरी हे झाड थांबत नाही. नव्या जीवाची खूण म्हणून ते घ्यावं यात नवल नाही, पण ही खूण सुखरूपपणाची म्हणता येणार नाही. कडाक्याची शक्यता गृहीत धरूनच ते झाड फुललेलं असतं.

गंमत अशी की हे चित्र मुळातच शुभेच्छा म्हणून काढलेलं आहे. 31 जानेवारी 1890 रोजी पॅरिसमध्ये विन्सेंटचा भाऊ थिओ आणि त्याची बायको योहाना यांना मुलगा झाला. विन्सेंट तेव्हा सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात होता. बाळाचं नाव काकाचंच, विन्सेंट, ठेवायचं असं त्या दोघांनी ठरवलं होतं. तुझी चिकाटी आणि तुझं धैर्य याच्यात यावं, असं थिओने त्याला कळवलं. यावर काकाने काय म्हणावं? माझ्यापेक्षा वडिलांचं नाव ठेवलं असतं तर मला आवडलं असतं, असं त्याने आईला लिहिलं. नातवाला आजोबांचं नाव, ही रीत आपल्याला सांगायला नको. पण त्याच्या नकोसेपणाला आणखीही एक पदर असेल असं मला वाटतं. त्याच्या जन्माआधी बरोबर एक वर्ष, 30 मार्च 1852 ला, त्याच्या आईला मृत मूल झालं होतं, आणि त्याचंही नाव विन्सेंटच ठेवलेलं होतं. नेदरलँड्समधल्या झुंडर्ट गावी चर्चच्या आवारात स्वतःच्या नावाची ती कबर बघत हा माणूस लहानाचा मोठा झाला. आपलं नाव कुणाला देताना असा माणूस क्षणभर थबकला असेल, तर ते समजू शकतं.

तरी त्याच पत्रात तो आईला सांगतो की बाळासाठी लगेच चित्र काढायला घेतलंय, त्यांच्या झोपायच्या खोलीत लावायला. या चित्रात जमीन नाही, बुंधा नाही, क्षितिज नाही. झाडाखाली उताणं पडून वर बघावं तशा नुसत्या फांद्या आणि आकाश. जपानी छापील चित्रांवर त्याचा फार जीव होता, ही मांडणी तिकडचीच. फांद्या गाठाळ, काही ठिकाणी तुटलेल्या. फुलं मात्र एकेक जपून रंगवलेली, कळीपासून पूर्ण उमललेल्या फुलापर्यंत. घाईघाईत रंग थापणारा म्हणून ज्याची ख्याती झाली, त्याचं हे चित्र विलक्षण शांत आहे. सर्वात धीराने आणि बहुधा सर्वात चांगलं जमलेलं काम हेच, असं त्याने पुढे थिओला लिहिलं. मग फेब्रुवारी सरता सरता आजाराचा झटका आला आणि तो जवळजवळ दोन महिने आजारीच राहिला. सावरला तेव्हा बदामाचा बहर ओसरत आला होता. मे महिन्यात पॅरिसला जाऊन त्याने पुतण्याला पाहिलं. 29 जुलैला तो गेला. सहा महिन्यांत थिओही गेला. बाळ अजून वर्षाचंही झालेलं नव्हतं.

कार्डावर यातलं काही येत नाही, आणि येऊही नये. अभिनंदन करताना कुणी मनोरुग्णालयाची हकीकत सांगत नसतं. पण ज्याच्या स्वतःच्या आयुष्याचा भरवसा नव्हता, त्याने या पोरासाठी सुखाचं मागणं मागितलं, हे कळल्यापासून त्या निळ्या रंगाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. आपल्याकडे बारशाला बाळाला नवं झबलं घालतात, पाळणा म्हणतात, आणि कौतुक ऐन रंगात आलेलं असताना आजी उठून त्याच्या गालावर काजळाची तीट लावते. फोटो बिघडेल म्हणून हल्ली तरुण आया कुरकुरतात. आजी ऐकत नाही, ती तीट कानामागे का होईना लावतेच. पाळण्याच्या गाण्याइतकीच ती तीटही आशीर्वादाचा भाग आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

तो पुतण्या पुढे इंजिनिअर झाला. योहानाने नवऱ्यामागे विन्सेंटची कित्येक चित्रं विकली, जगापुढे आणली, पण बदामाची ही फांदी घरातच राहिली. 1973मध्ये ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं ते याच पुतण्याच्या खटपटीतून. तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. चित्र आता तिथेच आहे आणि तिथल्या दुकानात ते मगवर, छत्रीवर, रुमालावरही मिळतं. छत्रीवर मला ते काही रुचत नाही, पण कार्डावर चालतं. फक्त आतून कोरं असलेलं कार्ड बघून घ्यावं. तयार छापलेल्या चार गुळगुळीत ओळी असतील, तर आपल्या मनातली काळजी लिहायला जागाच उरत नाही.