फिबीचा प्याला कोणता?

ग्रीसमधल्या कॉरिंथचं पूर्वेकडचं बंदर म्हणजे किंख्रिया. भूकंप आणि खचत गेलेली जमीन यांमुळे त्याचे धक्के आज सारोनिक आखाताच्या पाण्याखाली आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं. रोमन काळातली खापरं इतकी निघाली, की भांड्यांवर १९७९ मध्ये आणि दिव्यांवर १९८१ मध्ये असे स्वतंत्र खंड छापावे लागले.

हे बंदर श्रद्धांच्या वाटेवरचं. रोमन लेखक अपुलियसच्या कादंबरीतला गाढव झालेला ल्युसियस इथेच इजिप्तच्या इसिस देवीच्या कृपेने पुन्हा माणूस होतो. नवसापायी ख्रिस्ती प्रेषित पौलाने केस कापले तेही इथेच. आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल जिची शिफारस करतो, ती फिबी इथल्याच ख्रिस्ती मंडळीची सेविका.

मग या खापरांतलं इसिसच्या भक्ताचं कोणतं आणि फिबीच्या घरचं कोणतं?

ओळखता येत नाही. पहिल्या शतकात ख्रिस्ती माणसाची भांडी वेगळी नव्हतीच. भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे असत तसल्याच भांड्यांतून. क्रूस उमटवलेले दिवे आणि तशीच खूण असलेल्या उत्तर आफ्रिकेतल्या लाल ताटल्या भूमध्य समुद्राकाठी दिसू लागल्या त्या चौथ्या-पाचव्या शतकांत. तेव्हाही खूण उमटे ती कारखान्यात. तो दिवा विकत घेणारा कोणापुढे हात जोडत होता, हे ती खूण कशी सांगणार?

पौलापुढे असाच प्रश्न ताटातल्या अन्नाबद्दल आला होता. कॉरिंथच्या बाजारातलं मांस कित्येकदा मूर्तीपुढच्या बळीचं असे. त्याने कॉरिंथकरांना कळवलं, की बाजारात मिळेल ते चौकशी न करता खावं. मात्र हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनाखातर खाऊ नये. सोवळंओवळं इथे वस्तूतून निघून माणसामाणसांतल्या नात्यात येतं. धर्माच्या इतिहासातली ही फार मोठी उडी आहे, आणि मातीच्या ताटलीवर तिचा मागमूसही उरत नाही.

म्हणूनच किंख्रियातला एक वाद महत्त्वाचा वाटतो. दक्षिणेकडच्या धक्क्यावरच्या बुडालेल्या इमारतीत काचतुकड्यांचे शंभराहून अधिक चित्रफलक सापडले, भिंतीवर न बसवलेले, पेट्यांत रचून ठेवलेले. त्यांवर नाईलकाठची दृश्यं आहेत, होमर आणि प्लेटोही आहेत. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे इसिसचं देऊळ मानलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली. ती रास्तच होती, कारण नाईलची चित्रं रोमन श्रीमंतांच्या राहत्या घरांतही हौसेने लावलेली असत.