आठवड्याचा झाडा

साधकाचे पतन एका दिवसात होत नाही. आज पाहुण्यांचे निमित्त, उद्या प्रवासाचे, परवा शेतीच्या कामाचे. आणि नित्यविधी सुटल्याचे त्यास पुष्कळ दिवसांनी उमगते. म्हणून स्मरण नित्य करावे व त्या नित्यतेचा झाडा दर आठवड्यास घ्यावा.

एटापल्लीसारख्या अरण्यप्रदेशी वसणाऱ्या वासनिकास याची निकड अधिक. पावसाळ्यात नदीनाले भरले की कित्येक गावांचे मार्ग खुंटतात, साधुसंग दुर्लभ होतो. चूक दाखविणारा जवळ नसता आपणच आपणांस पुसावे लागते.

कसे पुसावे, हे उन्हाळ्यात तेंदूपानाच्या फळीवर पाहावे. 70 पानांचा एक पुडा. बांधलेले पुडे वरून सारखेच दिसतात. जाणता मोजणारा मात्र पुडा सोडून आतील फाटके पान वेगळे काढतो. सात दिवसांचा आपला पुडाही असाच सोडावा. स्मरण कोणत्या दिवशी खंडले? मन कोणत्या विषयामागे गेले? हाताने नव्हे तरी वाणीने कोणाची हिंसा घडली काय? सधर्म्याविषयी विकल्प उपजला काय?

स्मरण आणि पडताळा ही जोडी आपल्या पंथास नवी नाही. असन्निधानात श्रीनागदेवाचार्य ऋद्धिपुरी लीळांचे स्मरण करीत. त्यातून म्हाइंभटांचे लीळाचरित्र सिद्ध झाले. परंतु म्हाइंभट एकाच कथनावर विसंबले नाहीत. ज्यांनी लीळा अनुभवल्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या पडताळल्या. स्मरणाने लीळा राखल्या, पडताळ्याने त्या शुद्ध राहिल्या. आचार्यांसारख्यांच्या स्मरणासही जेथे पडताळा लागला, तेथे ‘माझे सारे ठीक चालले आहे’ या आपल्या समजुतीस तो नको काय?

येथे तीन पथ्ये पाळावीत. झाडा स्वतःचाच घ्यावा. शेजाऱ्याचा घेतला तर ती निंदा होते. स्मरणाची गणना अभिमानासाठी करू नये. आणि उणीव आढळता हताश होऊ नये. अनुताप करून पुढील आठवड्यासाठी एकच दुरुस्ती ठरवावी. दहा ठरविणाऱ्याच्या हाती बहुधा एकही राहत नाही.

आठवडी बाजाराच्या सायंकाळी घरोघर मीठमिरचीचा हिशेब होतोच. तो संपला की तेथेच क्षणभर अधिक बसावे. त्या हिशेबात चार पैसे चुकले तर पुढच्या बाजारी भरून निघतील. नरदेहाचा गेलेला आठवडा कोणत्याही बाजारी मिळत नाही.

दंडवत प्रणाम.