खोटा अनुभव आणि हलाल रोजी



गेल्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. राहणारा लातूरचा, अभियांत्रिकीचे शिक्षण नांदेडला झालेले. वर्षभर तो पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांत मुलाखती देत होता. कोणी प्रोग्राम लिहावयास सांगत, कोणी इंग्रजीत स्वतःविषयी बोलावयास सांगत. पण गाडी अडे ती एकाच प्रश्नावर : अनुभव किती? आता एक मध्यस्थ पैसे घेऊन दोन वर्षांच्या अनुभवाचा खोटा दाखला देऊ करीत होता. ऑनलाइन मुलाखतीत कानात उत्तरे सांगणारा माणूसही तोच पुरविणार होता. तरुण म्हणाला, "मौलाना, काम मला येते. आत शिरण्यापुरते खोटे बोललो तर काय बिघडले?"

त्याच्या शिक्षणासाठी आईचे दागिने गेले आहेत. हा प्रश्न धुडकावून लावण्यासारखा नाही.

आपले गुण सांगणे हे पाप नव्हे. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या बादशहाकडे खजिन्याची जबाबदारी मागितली, तेव्हा आपण रक्षण करणारे व जाणकार आहोत हेही सांगितले. इंग्रजीच्या धास्तीने आपली मुले स्वतः केलेले कामही सांगत नाहीत. त्याला विनय म्हणता येणार नाही.

परंतु गुण सांगणे वेगळे आणि उणीव झाकणे वेगळे. लातूरच्या बाजारात खरेदीदार सोयाबीनच्या राशीत खोलवर हात घालतो, हे आपण पाहिले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला. आत ओलावा लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ते धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. विचार करा, पाऊस हा त्या विक्रेत्याचा अपराध नव्हता. अनुभव नसणे हाही या तरुणाचा अपराध नाही. ओले धान्य खाली दडविणे हे मात्र माणसाचे स्वतःचे कृत्य असते. मुलाखत म्हणजे राशीत घातलेला हातच होय.

मजबुरीचे काय? प्राण जाण्याची वेळ आली तर निषिद्ध अन्नाची सवलत आहे; पण इथे दुसरे दरवाजे उघडे आहेत. शिवाय त्या जागेसाठी आणखी कोणी तरी, कदाचित नांदेडचाच मुलगा, "अनुभव नाही" असे खरे लिहून बसलेला असतो. हा बंद्याचा हक्क आहे. तो बुडवला तर ज्याचा हक्क त्याचीच क्षमा मागावी लागते. त्या अनोळखी मुलाला आपण कोठे शोधणार?

अशा नोकरीच्या पगाराविषयी अनेक उलमांचे मत असे की, काम येत असेल व ते प्रामाणिकपणे केले असेल, तर कामाचा मोबदला वैध ठरतो. फसवणुकीचे पाप मात्र उरते आणि त्यासाठी तौबा आवश्यक आहे. याला परवाना समजू नये.

जे येत नाही ते "येत नाही" म्हणण्यात अपमान नाही. इमाम मालिक (रह.) यांना एकदा ४८ प्रश्न विचारले गेले, त्यांपैकी ३२ प्रश्नांना त्यांनी "मला ठाऊक नाही" असे उत्तर दिले, अशी नोंद आहे.

हे सर्व ऐकून तरुण म्हणाला, "मग नोकरी कोण देणार?" रोजी देणारा अल्लाहच आहे, हे मी सांगितले. पण तेवढे सांगून माझी सुटका होत नाही, आणि तुमचीही नाही. आपल्यातील जे आज अशा कंपन्यांत आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर दोन मुलांची सराव मुलाखत घ्यावी, त्यांचे काम तपासावे. ज्यांचे दुकान, दवाखाना किंवा शाळा आहे, त्यांनी आपले एखादे संगणकाचे काम मोबदला देऊन अशा मुलांना सोपवावे; तोच त्यांचा खरा अनुभव ठरेल. मुलाला प्रामाणिक राहा म्हणायचे आणि त्याला एकटे सोडायचे, हे न्यायाचे नाही.

अल्लाह आपल्या मुलांना हलाल रोजी देवो आणि आपणांस त्यांचे साहाय्यक बनवो. आमीन.