वाणिज्य की नाटक?



बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक वाद सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला नाटकाचे वेड असते, स्नेहसंमेलनात टाळ्या मिळालेल्या असतात. आईवडील म्हणतात, "आधी बी.कॉम. कर, मग काय ते बघू." मूल म्हणते, "आयुष्य माझे आहे." दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते. म्हणूनच हा प्रश्न नोकरीपुरता राहत नाही, तो नीतीचाही होतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. नाटक हा हलका धंदा नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मांडले आहे की, मनाला विरंगुळा ही माणसाची गरज आहे. म्हणून नटाचा व्यवसाय मुळात पाप नाही, मर्यादा पाळणाऱ्या नटाला त्याचा मोबदला देणे योग्यच आहे. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी नाझी अमलाखालील क्राकोव शहरात आधी दगडाच्या खाणीत आणि नंतर रासायनिक कारखान्यात मजुरी करीत आणि गुप्तपणे होणाऱ्या नाट्यप्रयोगांत भूमिकाही करीत. आपल्या तुळजापूरचा गोंधळी संबळाच्या तालावर कथा उभी करतो, आणि त्याच कलेवर त्याचे घर चालते. एप्रिल २०१७ मध्ये याच शहरात अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले होते. जानेवारी २०२० मध्ये येथेच साहित्यसंमेलन झाले आणि त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू आणि लेखक ही दोन्ही कामे एका माणसात नांदू शकतात, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

मात्र कलेला हिशेबाचे वावडे असून चालत नाही. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी शालू, उंची अत्तरे, रंगमंचाचा थाट यांत त्यांनी काहीच कमी पडू दिले नाही. मंडळी कर्जात बुडाली. ते कर्ज त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले आणि वर्षानुवर्षे राबून फेडले, हा त्यांचा मोठेपणा. तरीही कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही आणि एवढ्या थोर कलावंताची अखेरची वर्षे हलाखीत गेली. जमाखर्चाची वही रंगभूमीची वैरीण नाही. ती नसेल तर पडदा लवकर पडतो.

दुसरे उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. पुण्यात आणि टांझानियात त्यांनी वैद्यकी केली आणि हौशी रंगभूमीवर कामही केले. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आले. आधीची वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

मग निर्णय कसा करावा? संत थॉमस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात: सल्ला, निवाडा आणि कृती. सल्ला म्हणजे जाणत्यांना विचारणे. नाटकाचे रीतसर शिक्षण घ्यायला छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागली, तर राहण्याजेवणाचा खर्च किती, तो कोण देणार, हे कागदावर मांडा. मुलाने प्रयोगांतून पोट भरणाऱ्या एखाद्या कलावंताशी आणि एखाद्या हिशेबनिसाशीही बोलावे.

निवाडा करताना मुलाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मला नाटक हवे आहे की प्रसिद्धी? तालमीची झाडलोट आनंदाने करणाऱ्याला नाटक हवे असते. आईवडिलांनीही स्वतःला विचारावे: आम्ही बोलतो तो विवेक आहे की भीती? शुभवर्तमानातील तिसऱ्या चाकराने भीतीपोटीच धन्याचे नाणे जमिनीत पुरले होते.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्या घरावर कर्ज आहे, धाकटी भावंडे शिकत आहेत, त्या घरातील मुलाने वाणिज्य घेऊन संध्याकाळी तालमीला जाणे ही हार नव्हे. आपल्या स्वप्नाची किंमत दुसऱ्यांना मोजायला लावू नये, हेही प्रेमच आहे. पण ऐपत असूनही केवळ 'लोक काय म्हणतील' म्हणून मुलाची वाट अडवणे हा अन्याय आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेचे विषयही घेता येतात. आपल्या महाविद्यालयात काय उपलब्ध आहे याची चौकशी प्रवेशाआधीच करावी.

आणि तिसरी पायरी, कृती. एकदा ठरले की मागे वळून कुढत बसू नये. हिशेब शिकणाऱ्याने तो चोख शिकावा, नाटक करणाऱ्याने पाठांतर चुकवू नये. या आठवड्यात ज्यांच्या घरी हा वाद चालू आहे, त्यांनी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून एकत्र बसावे, थोडी प्रार्थना करावी आणि मुलाला आधी बोलू द्यावे.

आपला धर्मगुरू